कबड्डीत डोक्याला मार, सीटी स्कॅन नॉर्मल, पण पोरगं अजून बरं नाही. रक्ताच्या तपासणीत कळेल का?

धारूरचे पीटी सर

नमस्कार. मी धारूर तालुक्यातल्या एका शाळेवर क्रीडाशिक्षक आहे. शाळा सुटल्यावर गावातल्या मोठ्या पोरांची कबड्डी घेतो. मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाड जागा, पाणी मारून रोलर फिरवलेली. मॅट नाही.

चंपाषष्ठीच्या यात्रेत शेजारच्या गावाला सामने होते. माझा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू, वय १९, समोरच्या चढाईपटूचा घोटा धरायला खाली झेपावला आणि त्याच वेळी आमचाच दुसरा गडी आतून आला. त्याचा गुडघा ह्याच्या कानशिलावर बसला. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. पोरगं पडलं नाही, उठून उभं राहिलं. म्हणून पंचांनी खेळ चालू ठेवला आणि मीही ठेवला. पुढच्या चढाईला ते चेनमध्ये हात द्यायचा सोडून नुसतं उभं होतं, तेव्हा मी त्याला बाहेर घेतलं. बाकावर बसल्यावर मला विचारलं, "सर, आपले किती झाले?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. असं चार वेळा. कानशिलावर मार बसलेली पकड त्याला आजही आठवत नाही.

बाकावर एक उलटी झाली. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि घरी न्या म्हणाले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये दुसरी उलटी झाली, मग मी थांबलो नाही, तसाच अंबाजोगाईला नेला. रात्री साडेबारा वाजता सीटी झाला. रिपोर्ट स्वच्छ. सकाळी सोडलं.

आज नववा दिवस आहे. पोरगं म्हणतं डोकं जड आहे, उन्हात डोळे दिपतात, पुस्तक घेतलं की दोन पानांत अक्षरं हलतात. झोप अर्धवट. आई-वडील ऊसतोडीला सांगलीकडे कारखान्यावर गेलेत, घरी फक्त आजी. घरी आल्यावर पहिल्या रात्री आजीनं आणि गल्लीतल्या बायकांनी त्याला झोपूच दिलं नाही, "झोपला तर उठायचं नाही" म्हणून. त्यानं तर जास्त बिघडलं नाही ना, ही एक शंका.

दुसरी गोष्ट. पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. येत्या रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी आहे आणि भरतीचं मैदान कधीही लागू शकतं. सीटी नॉर्मल आहे तर खेळू द्या असं चार जण म्हणतात. एका पालकानं सांगितलं की परदेशात आता रक्ताच्या तपासणीवरून मेंदूचा मार ओळखतात, ती नॉर्मल आली तर पोरगं फिट. असं खरंच काही आहे का? असेल तर मी पदरचे पैसे घालून करून आणायला तयार आहे. सामना न थांबवल्याचं माझ्या मनाला फार लागलंय. जाणकारांनी सांगावं.

लातूरकर

सर, तपासणी आहे. अमेरिकेत मंजूर होऊन काही वर्षं झाली. पंधरा मिनिटांत निकाल येतो असं वाचलंय. पुण्याला नाहीतर मुंबईला चौकशी करा. नॉर्मल आली तर बिनधास्त उतरवा मैदानात, सीटी तर आधीच क्लिअर आहे.

रात्रपाळीची डॉक्टर

पीटी सर, मी एमबीबीएस आहे. चौदा वर्षं मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या अपघात विभागात काढली, त्यातल्या बऱ्याच रात्रपाळ्या. लातूरकर दादांनी मनापासून लिहिलंय, पण शेवटचं वाक्य धोक्याचं आहे म्हणून आधी तेच खोडते. ही रक्ताची तपासणी "पोरगं फिट आहे" असं कधीच सांगत नाही. तिला ते विचारलेलंच नाही.

ती काय विचारते ते नीट समजून घ्या. मेंदूत दोन प्रकारच्या पेशी आपल्या कामाच्या. एक प्रत्यक्ष संदेश वाहणाऱ्या चेतापेशी, दुसऱ्या त्यांना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी. मार बसला की ह्या पेशींतली प्रथिनं फुटून रक्तात येतात. चेतापेशीतलं यूसीएच-एल१, आधारपेशीतलं जीएफएपी. दोन्ही तासाभरात रक्तात दिसायला लागतात. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांना सगळ्यात वर जातं आणि उतरतं. जीएफएपी वीस तासांच्या आसपास वर जातं आणि सावकाश उतरतं. म्हणून दोन्ही एकत्र मोजतात. आपल्या पोराला नऊ दिवस झाले. आज रक्त काढून त्या रात्रीबद्दल काही कळणार नाही. पुणे, मुंबई, कुठंही पैसे घालवू नका.

आता मंजुरीचं. अमेरिकेत औषधं-तपासण्यांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं पहिली अशी तपासणी फेब्रुवारी २०१८ मध्ये मान्य केली, मार लागल्यापासून १२ तासांच्या आत रक्त घ्यायचं ह्या अटीवर. तिच्यामागे मोठा अभ्यास होता, अमेरिका आणि युरोपातले १,९५९ रुग्ण, सगळ्यांचा सीटीही केलेला. त्यातल्या फक्त १२५ जणांच्या सीटीत काही सापडलं. रक्ताची तपासणी ६७१ जणांची निगेटिव्ह आली आणि त्यांच्यापैकी केवळ तिघांच्या सीटीत काही निघालं. म्हणजे निगेटिव्ह आली तर सीटी न करता सोडलं तरी चालेल, इतकी ती भरवशाची.

पण दुसरी बाजू बघा. १,२८८ जणांची पॉझिटिव्ह आली आणि त्यातल्या दहांत नऊ जणांचा सीटी स्वच्छ होता. म्हणजे पॉझिटिव्ह आली म्हणून मेंदूत रक्तस्राव आहे असं म्हणता येत नाही. ती एवढंच म्हणते, "सीटी करून बघा." तुमच्या पोराचा सीटी झालेला आहे. म्हणजे ती तपासणी ज्या प्रश्नासाठी बनली, त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे पहिल्याच रात्री आलं.

मग सीटी स्वच्छ असून डोकं का जड? सीटीला रक्त दिसतं, हाड मोडलेलं दिसतं, मोठी सूज दिसते. चेतातंतू ताणले गेले ते दिसत नाही. तुम्ही गावाकडचे आहात, शेतात ठिबक बघितलं असेल. मेन पाईप फुटला तर बांधावरून दिसतं, पाण्याचं तळं होतं. पण पाईप न फुटता सगळ्या लॅटरल, म्हणजे रोपांजवळच्या बारीक नळ्या, नुसत्या ओढल्या गेल्या, तर वरून रान जसंच्या तसं. आठ दिवसांनी रोपं माना टाकतात तेव्हा कळतं. पोराला जे झालंय ते असं आहे. ह्याला कन्कशन म्हणतात आणि ते एकट्यानं खात्रीनं ओळखेल असं यंत्र आजही नाही. चार वेळा विचारलेलं "आपले किती झाले?" हीच ओळख. ते तुम्ही बघितलंत, लक्षात ठेवलंत आणि इथं लिहिलंत, त्याला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त किंमत आहे. पुढच्या डॉक्टरांना हे शब्द न शब्द सांगा.

झोपू न देण्याबद्दल. आजींना दोष देऊ नका, गावोगावी तेच चालतं आणि ते काळजीपोटी असतं. ज्याचा सीटी झालेला नाही त्याला पहिल्या रात्री अधूनमधून हलवून उठवावं, नाव-गाव विचारावं, हे ठीक. पण सीटी स्वच्छ असताना रात्रभर जागं ठेवल्यानं डोकं आणखी दुखतं, फायदा काही नाही. त्यानं कायमचं नुकसान झालेलं नाही, निश्चिंत राहा. आता मात्र त्याला पोटभर झोपू द्या.

आणि दोन उलट्या झाल्यावर तुम्ही जीप अंबाजोगाईकडे वळवलीत. कॅनडाच्या डॉक्टरांनी सीटी कुणाचा करावा ह्याचे नियम घालून दिलेत, त्यात "दोन किंवा जास्त उलट्या" हा एक आहे. तुम्ही तो न वाचता पाळलात. सामना थांबवला नाही ते मनाला लावून घेताय, पण हेही लक्षात ठेवा.

परभणीचा लॅबवाला

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी माझ्या टेबलावरचं थोडं जोडतो. माझी छोटी लॅब आहे. सेल काउंटर, बायोकेमिस्ट्रीचं सेमी-ऑटो यंत्र आणि रक्त गरगर फिरवायचं एक सेंट्रिफ्यूज, एवढाच संसार. माझ्याकडेही लोक हा प्रश्न घेऊन येतात, अपघात झाला की "रक्तात बघा ना डोक्याला काय झालंय का."

हे प्रथिन किती कमी प्रमाणात असतं त्याचा अंदाज द्यावा वाटतो. आपण साखर मिलिग्रॅममध्ये मोजतो. हे पिकोग्रॅममध्ये मोजायचं. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेत जी हातात मावणाऱ्या यंत्राची तपासणी मंजूर झाली, तिच्यात एक मिलिलिटर प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी बाजूला काढल्यावर उरतो तो द्रव) जीएफएपी ३० पिकोग्रॅमच्या वर किंवा यूसीएच-एल१ ३६० च्या वर गेलं की "वाढलेलं" म्हणतात. दोन्हींतलं एक वाढलं तरी पॉझिटिव्ह. आमच्यासारख्याच्या यंत्राला ते दिसणारच नाही. तेव्हा कुणी गल्लीतल्या लॅबमध्ये "मेंदूच्या माराची तपासणी करून देतो" म्हणालं तर पावती फाडण्याआधी कुठलं प्रथिन आणि कुठलं यंत्र ते विचारा.

त्या वेळी रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा काढावा लागायचा. एप्रिल २०२४ मध्ये त्याच यंत्राला थेट रक्तावरची तपासणी मंजूर झाली, रुग्णाच्या खाटेशेजारी, पंधरा मिनिटांत, आणि मार लागल्यापासून २४ तासांपर्यंत चालते. सेंट्रिफ्यूज नको म्हणजे निम्मी अडचण मिटली. उरलेली निम्मी आपल्या हवेची. हे यंत्र १६ ते ३० अंश तापमानात चालवायचं असतं. परभणीत एप्रिल-मे महिन्यात माझ्या लॅबमध्ये कूलर लावूनही पारा तेवढा खाली येत नाही, आणि लाईट गेली की विचारूच नका. असं यंत्र कधी ग्रामीण रुग्णालयात आलं तर त्याच्याबरोबर एसी आणि इन्व्हर्टरचाही विचार करावा लागेल. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, ज्यांच्या हातात खरेदी असते त्यांनी वाचावं म्हणून सांगतो.

आणखी एक नाव कानावर येईल, एस१००बी. युरोपात ही जुनी तपासणी आहे. नॉर्वे, स्वीडन वगैरे देशांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे, मार लागल्यापासून सहा तासांच्या आत करायची. पण एस१००बी मेंदूशिवाय चरबीत, कूर्चेत, त्वचेतल्या रंगपेशींतही असतं. हाड मोडलं तरी वाढतं, नुसतं जोरात पळून आलं तरी वाढतं. कबड्डी खेळून घामाघूम झालेल्या, गुडघे-कोपरं सोललेल्या पोराचं एस१००बी वाढलेलं आलं तर ते डोक्याचं की अंगाचं, सांगणं अवघड. जीएफएपी त्या मानानं मेंदूशी जास्त इमानदार आहे.

धारूरचे पीटी सर

मॅडम, दादा, दोघांचे आभार. ठिबकचं उदाहरण मी पोराला आणि आजीला जसंच्या तसं सांगितलं. आजी म्हणाली, "मंग पाणी हळूहळू सोडावं लागंल." इतकं तिला समजलं.

तीन प्रश्न राहिले. एक, माझ्या संघात १५-१६ वर्षांची पोरंही आहेत. पुढं कधी अशी तपासणी जवळ आली तर त्यांना चालेल का? दोन, नक्की किती दिवस विश्रांती? आजी म्हणते महिनाभर अंधाऱ्या खोलीत ठेवते, पोरगं म्हणतं उद्यापासून पळतो. तीन, मॅडम, तुमच्या इतक्या वर्षांच्या कामात ही तपासणी असती तर बरं झालं असतं असं कधी वाटलं का? का सीटी आहे म्हटल्यावर तिची गरजच नाही?

रात्रपाळीची डॉक्टर

सर, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो वाचून मला रात्री झोप लागली नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या ग्रामीण रुग्णालयात होते तिथं सीटी नव्हता. जवळचा सीटी दीड तासावर. हंगाम असाच, ऊसतोडीचा. साठीचा एक माणूस ट्रॉलीवरून उतरताना पाय निसटून पडलेला. चालत आला, बोलत होता, स्वतःचं नाव-गाव सांगत होता. माणूस किती शुद्धीवर आहे ते सांगणारा ग्लासगो स्कोअर पंधरापैकी चौदा लिहिला मी. एक गुण गेला तो बोलणं थोडं असंबद्ध होतं म्हणून. तोंडाला दारूचा वास होता. बरोबरचे म्हणाले, "मॅडम, पिल्यावर असंच बोलतोय त्यो." मीही तेच धरलं. त्या रात्री १०८ दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, एकच डॉक्टर मी, बाहेर तीन बाळंतिणी. म्हटलं सकाळी पाठवू. पहाटे चार वाजता नर्सनं हाक मारली तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती. तो वाटेतच गेला.

कॅनडाचे ते नियम तेव्हा वापरले असते तर पाठवायलाच हवा होता. दोन तासांनंतरही स्कोअर पंधरा झाला नाही, हे एकच कारण पुरेसं होतं. दारूच्या वासामागे डोक्याचा मार लपतो हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण पहाटे दोन वाजता पुस्तक आठवत नाही, समोर जे सोपं कारण दिसतं ते पटतं. त्या रात्री पंधरा मिनिटांत "पाठवा" असं सांगणारं काही टेबलावर असतं तर मी बरोबरच्या लोकांचं ऐकलं नसतं. म्हणून मला ही तपासणी हवी आहे. शहरात, जिथं सीटी जिन्याखाली आहे, तिथं तिचा उपयोग एवढाच की काही लोकांचं रेडिएशन वाचेल आणि रांग कमी होईल. आपल्याकडे तिचा उपयोग वेगळा आहे. कुणाला दीड तासाच्या रस्त्याला लावायचं आणि कुणाला इथंच ठेवून लक्ष द्यायचं, हे ठरवायला ती हवी. ह्या संशोधनाला अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं पैसा दिला तो ह्याच कारणानं, रणांगणावरच्या सैनिकाजवळ सीटी नसतो. आमच्या वाड्या-तांड्यांवरही नसतो.

माझ्या चौदा वर्षांत मी ही तपासणी एकदाही स्वतः वापरलेली नाही. माझा सगळा निर्णय टॉर्च, घड्याळ आणि प्रश्न विचारणं ह्यांवरच होत आलाय. ते करावंच लागतं, यंत्र आलं तरी. स्कोअर तेराच्या खाली असेल तर रक्ताची वाट बघायचीच नाही, सरळ पाठवायचं.

पहिला प्रश्न. अमेरिकेतली मंजुरी १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. तुमच्या पंधरा-सोळाच्या पोरांना ते आकडे लावता येत नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला, वय वाढलं की जीएफएपी मार नसतानाही थोडं चढं असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत पॉझिटिव्ह जास्त येतात आणि तपासणीचा फायदा कमी होतो.

आता विश्रांती, ह्यावर मला जास्त बोलायचंय. अंधारी खोली नको. आजींना माझा नमस्कार सांगा आणि खिडकी उघडायला सांगा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर जगभरचे तज्ज्ञ जमले होते, त्यांचं म्हणणं असं की पहिले एक-दोन दिवस सोडले तर पूर्ण पडून राहिल्यानं बरं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. चालणं सुरू ठेवायचं. घरातून देवळापर्यंत, मग शाळेपर्यंत. डोकेदुखी दहापैकी दोन असेल आणि चालल्यावर तीन-चार झाली, पण तासाभरात परत खाली आली, तर चालेल. पाच-सहा झाली किंवा तासाभरात उतरली नाही तर त्या दिवशी थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

चालणं जमलं की हलकी धाव. मग एकट्यानं पदन्यास, रेषेवरचं फिरणं, जिथं कुणाचा गुडघा-कोपर डोक्याला लागायची शक्यता नाही. इथपर्यंत तुमच्या देखरेखीत होईल. ह्याच्या पुढं मात्र डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय जायचं नाही, आणि तोपर्यंत डोकेदुखी, डोळे दिपणं, विसरणं सगळं थांबलेलं असलं पाहिजे. मग संघाबरोबर बिना-पकडीचा सराव, मग खऱ्या पकडीचा, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला कमीत कमी एक पूर्ण दिवस. हिशोब करा, आज तो पहिल्या पायरीवर आहे. रविवारची निवड चाचणी शक्यच नाही. पोरगं रडेल, तुमच्यावर रागावेल, तरी नाहीच. एका कन्कशनमधून मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर तो कितीतरी जास्त महागात पडतो, आणि कबड्डीत दुसरा मार बसणारच नाही असं तुम्हीही मला सांगू शकत नाही.

भरतीचे १६०० मीटर म्हणजे पूर्ण दमानं पळणं, ती हलकी धाव नव्हे. त्याला तेवढ्याचसाठी घाई असेल तर हे नीट फोड करून सांगा.

डोकेदुखी रोज थोडी-थोडी कमी होतेय का ते वहीत लिहायला सांगा, सकाळ-संध्याकाळ, दहापैकी किती. वाढत चालली, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, दिवसा गुंगी यायला लागली, हातपाय किंवा बोलणं अडखळलं, झटका आला, तर त्याच तासाला परत दवाखाना, "सीटी नॉर्मल होता" हे कुणाला म्हणू देऊ नका. मान दुखते का तेही विचारा. असे बरेच पेशंट मी बघितले ज्यांचं डोकं दुखत राहिलं ते मानेमुळे, आणि ते व्यायामानं बरं होतं.

वसमतची सून

मॅडम, मध्येच विचारते. माझे सासरे ७४ वर्षांचे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे हृदयासाठी. दहा दिवसांपूर्वी न्हाणीघरात घसरले, डोकं भिंतीला लागलं. जखम नाही, काही नाही, त्या दिवशी जेवले-खावले. काल-परवापासून शर्टाची बटणं लावायला वेळ लागतोय, चहा सांडतात. घरचे म्हणतात वयामुळे. ह्या रक्ताच्या तपासणीत काही कळेल का?

रात्रपाळीची डॉक्टर

ताई, हे वाचताय त्या क्षणी गाडी बघा. रक्ताची कुठलीही तपासणी नको, सीटी हवा, आजच. वय पासष्टच्या पुढं, रक्त पातळ करणारी गोळी आणि मारानंतर दिवसांनी हात अडखळणं, ह्यात मेंदू आणि कवटीच्या मध्ये सावकाश रक्त साठत गेलेलं असू शकतं. वयामुळे बटणं दोन दिवसांत लागायची थांबत नाहीत. वसमतहून नांदेड जवळ पडेल, विष्णुपुरीच्या सरकारी महाविद्यालयात न्या. गोळीचं पाकीट बरोबर ठेवा, नाव सांगता आलं नाही तरी पाकीट दाखवता येतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, तिथले डॉक्टर ठरवतील. ह्या तपासणीसाठी लागणारे २४ तास केव्हाच उलटून गेलेत, तिच्या नादी लागू नका.

वसमतची सून

निघालोय. दीर गाडी चालवताहेत.

लातूरकर

पीटी सर, मी वर लिहिलेलं शेवटचं वाक्य मागे घेतो. मी "कन्कशनची तपासणी" असं कुठंतरी वाचलं आणि तेच खरं धरलं. मॅडम, एक विचारू का? "सौम्य" म्हणतात ह्या माराला, मग एवढे दिवस का लागतात?

रात्रपाळीची डॉक्टर

दादा, हा शब्दच लोकांना फसवतो. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी शुद्ध मोजायची ती पट्टी काढली, पुढं तिच्यावरून तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य, असे कप्पे पडले. ती पट्टी जागेपणा मोजते. माणूस डोळे उघडतो का, नीट बोलतो का, सांगितलेलं करतो का. मेंदूला आतून किती ताण बसला ते ती मोजत नाही. म्हणून २०२५ मध्ये तज्ज्ञांनी नवी मांडणी पुढं आणली, त्यात पट्टीबरोबर रक्तातल्या ह्या खुणा, सीटी-एमआरआय आणि माणसाची परिस्थिती, म्हणजे वय, आधीचे मार, घरची अवस्था वगैरे, असे चार भाग एकत्र बघायचे आहेत. मला त्यातला चौथा भाग फार मोलाचा वाटतो. सरांच्या पोराचे आई-वडील सांगलीकडे फडात आहेत, घरी आजी एकटी, डोक्यावर भरतीची टांगती तारीख. हे केसपेपरवर कुणी लिहीत नाही आणि बरं होणं निम्मं त्यावर अवलंबून असतं.

वसमतच्या ताई, जमेल तेव्हा दोन ओळी टाका.

वसमतची सून

रात्री साडेअकरा. डाव्या बाजूला रक्त साठलंय. सकाळी ऑपरेशन, छोटं छिद्र पाडून काढणार म्हणाले. सासरे बोलताहेत, मला ओळखतात. बाकी घरी जाऊन लिहीन.

धारूरचे पीटी सर

ताई, सासरे सुखरूप घरी येवोत. सकाळपासून तीन वेळा हे पान उघडून बघितलं.

आमचं सांगतो. मंगळवारी पोराला अंबाजोगाईच्या ओपीडीला घेऊन गेलो. "आपले किती झाले" चार वेळा विचारल्याचं मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं आणि तेवढंच परत विचारून लिहून घेतलं. मान तपासली, मान आखडलेली निघाली. डोळ्यांसमोर बोट फिरवून, डोळे मिटून एका पायावर उभं करून बघितलं, एका पायावर तोल जात होता. व्यायाम दिलेत मानेचे, आणि मैदान बंद.

रविवारी निवड चाचणीला तो आला, खेळायला नाही. मी त्याला गुणफलकाजवळ बसवलं. दुसऱ्या सामन्याच्या मध्यात म्हणाला, "सर, उजेड सहन होईना," तर झाडाखाली नेऊन बसवला आणि फलक दुसऱ्याकडे दिला. आधी मी त्याला "थोडं सोस" म्हणालो असतो.

संघाला मी एक नियम घातलाय. डोक्याला लागलं की उभा राहिला तरी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. पंचांनी काहीही म्हणोत. पोरांना हे पटवायला आधी वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही, कारण त्याला पुस्तक बाजूला ठेवताना सगळ्यांनी बघितलंय.

वडिलांना कारखान्यावर फोन लावला. मला वाटलं भरतीचं ऐकून रागावतील. मागं कोयत्याचा आवाज येत होता. म्हणाले, "सर, भरती पुढच्या साली बी हाय. टकुरं एकच हाय त्याचं."

वहीत काल सकाळी तीन, संध्याकाळी तीन. आज सकाळी दोन. देवळापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. ओपीडीची पुढची तारीख शुक्रवारची आहे, वही बरोबर नेणार आहे.